चेहरे वाचायला मस्त शिकवतं, पण रिपोर्ट बघून डोकं फिरलं

मी कौन्सेलिंगचं काम करते म्हणून एका मैत्रिणीने हे ॲप सुचवलं, चेहऱ्यावरचे भाव ओळखायची टेस्ट आणि सोबत अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डरवर (नियम आणि दुसऱ्यांचे हक्क सतत तुडवण्याचा व्यक्तिमत्त्वाचा विकार) छोटासा कोर्स. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार आहे. तीन आठवडे वापरलंय.

टेस्ट खरंच भारी आहे हां. चेहरा आधी अगदी कोरा असतो, मग हळूहळू भाव चढत जातो आणि ओळखू आला की थांबवायचं. राग, आनंद पटापट जमले, पण भीतीचे चेहरे मी धडाधड आश्चर्यात टाकले! मग ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवतात, भुवया दोन्हीत वर, डोळे दोन्हीत मोठे, पण आश्चर्यात जबडा सैल सुटतो आणि भीतीत भुवया वर जाता जाता एकमेकींकडे ओढल्या जातात, ओठ आडवे ताणतात. एकदा कळलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं, नवऱ्याच्या तोंडावर पण.

कोर्समधला डोळ्यांचा धडा सगळ्यात आवडला. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडलेला छोटा भाग, खराब झालेली एक बाई, रिसर्चमधे तिला एसएम म्हणतात, तिला भीतीचा चेहरा ओळखता यायचा नाही, 2005 च्या अभ्यासात कळलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. बघ म्हणून सांगितलं की बरोबर ओळखायची, सांगणं थांबलं की परत जैसे थे. दगडासारख्या थंड वागणाऱ्या मुलांमधेही, डोळ्यांकडे बघ सांगितल्यावर असाच फरक पडलेला दिसलाय. म्हणजे निदान काही जणांचा गोंधळ नजर कुठे जाते तिथेच सुरू होतो.

आता तक्रार. कोर्स 2008 च्या मेटा-ॲनालिसिसवर (बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेला निष्कर्ष) येऊन थांबतो, अँटिसोशल लोकांना भीती ओळखायला जड जातं, बास. 2012 मधे दुसरी आली, तिच्यात सायकोपॅथी (दुसऱ्याबद्दल कळवळा, पश्चात्ताप नसणं) असलेल्यांची अडचण भीती आणि दुःखापुरती नाही, बाकीच्या भावांतही दिसली, त्याचा पत्ताच नाही. वर सायकोपॅथी आणि अँटिसोशल हे दोन शब्द आलटून पालटून वापरलेत जणू एकच आहेत. अहो, सायकोपॅथी मोजायची मानसशास्त्रज्ञ हेअरची 20 मुद्द्यांची चेकलिस्ट वेगळी आणि डीएसएम, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकातलं अँटिसोशलचं निदान वेगळं, त्या निदानाला वय 18 पूर्ण लागतं, 15 च्या आधीपासून कंडक्ट डिसऑर्डरच्या (लहानपणीच्या गंभीर वर्तन-समस्येच्या) खुणा लागतात, फोटो ओळखण्याचा त्यात संबंधच नाही.

आणि शेवटी रिपोर्ट. मला आलं, "भीती ओळखण्यात कमतरता, अँटिसोशल लक्षणांची शक्यता मध्यम". आधी हसले, मग जाम संताप आला. सहा मूळ भावांमधे भीती तर साध्यासुध्या माणसांचीही सगळ्यात जास्त चुकते, आणि मी अर्धी टेस्ट झोपेत मोबाईलवर दिलेली! गटाच्या सरासरीतला फरक उचलून एकट्या माणसाच्या कपाळावर चिकटवायचा ही कुठली पद्धत. एखाद्या क्लायंटने घरी बसून हे वाचलं, किंवा सासरच्या कुणी त्याच्या हातातून फोन घेऊन वाचलं, तर? सपोर्टला मेल केला, उत्तर आलं की रिपोर्ट फक्त माहितीसाठी आहे. मग तसं त्यावर लिहा ना मोठ्या अक्षरात.

प्रॅक्टिस मोड ठेवलाय, रोज दहा मिनिटं करते. रिपोर्टचं बटण दाबत नाही आणि क्लायंटला लिंक पाठवणार नाही. तीन स्टार, त्यातले दोन त्या भुवयांचे.