‘पोर्तुगीज, १७८०’ : बार्देशातलं एक बिनपाटीचं दुकान

दुकान जुन्या फर्निचरचं, पण त्याला पाटी नाही. गोव्यात, बार्देश तालुक्यात हमरस्ता सोडून आत वळलं की एक जुनं घर लागतं. पुढच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, वेताच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, आणि मागे पत्र्याची शेड. मालकाचं नाव मी देत नाही, कारण यातला अर्धा मजकूर त्याला आवडणार नाही आणि उरलेला अर्धा वाचायला तो थांबेल असं वाटत नाही.

मी फोंड्याचा. नोकरी संपली, आता पेट्या दुरुस्त करतो. पेट्या म्हणजे हार्मोनियम. भजनी मंडळांच्या, देवळांच्या, क्वचित एखाद्या नाटकवाल्याची. त्यामुळे सरस, चपडी (पॉलिशची लाख), स्पिरिट यांचा वास रोजचाच. हे सांगण्याचं कारण एवढंच की फर्निचरमधलं मला फार कळतं असं नाही, पण चिकटवलेलं लाकूड आणि जोडलेलं लाकूड यांतला फरक बोटांना कळतो.

मला हवं होतं नोटेशनच्या वह्या ठेवायला एक लहान टेबल. आमच्या फ्लॅटच्या खोलीत मोठं काही मावत नाही. भाचा म्हणाला, “मामा, तिकडे चला, तिथे जुनं मिळतं.” जूनअखेरचा रविवार होता, पाऊस धो धो.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती चिठ्ठ्यांची. प्रत्येक नगावर एक, आणि जवळजवळ प्रत्येकीवर ‘पोर्तुगीज’. कोरीव शिसवी खुर्च्या पोर्तुगीज, वेताचा सोफा पोर्तुगीज. गोल पाठीच्या चार खुर्च्यांवर ‘पोर्तुगीज, १८५०’ लिहिलेलं, जरी ती फुग्यासारखी पाठ त्या काळातल्या इंग्लंडच्या घराघरांत दिसायची. गोव्यात जुन्याला एकच आडनाव. मुंबईत एकोणिसाव्या शतकात काळ्या शिसवीचं कोरीव काम ढिगाने होत होतं, तेही इथे येऊन पोर्तुगीज होतं.

त्या चार खुर्च्यांना किड्याची भोकं होती. मी खिशातली तार काढली, पेटीच्या सुरांतला कचरा काढायची बारीक तार. किडा लाकडात सरळ जात नाही, आत शिरला की वळतो, त्यामुळे तार चार-सहा मिलिमीटरवर अडते. इथे ती सुईसारखी सरळ गेली आणि तळाला टेकली. सगळ्या भोकांची खोली सारखी. म्हणजे किडा ड्रिल मशीनचा. लाकूड मात्र खरंच जुनं, कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या वाशांचं. खुर्ची म्हणून काही वाईट नाही, फक्त चिठ्ठी खोटी.

आणि मग कोपऱ्यात, ओल्या भिंतीपासून वीतभर लांब, एक लहानसं मेज दिसलं. दोन फुटांहून कमी रुंद. वर उतरतं झाकण, त्यामागे पितळेचं बुटकं कठडं, पुढे दोन कोरीव खांब. झाकण उचललं की आत कागद ठेवायची जागा. खण समोर नाहीत, उजव्या कुशीत चार. डाव्या कुशीतही चार, तशाच मुठी, तशाच फटी. ओढले तर हलत नाहीत. ते खण नाहीतच, दिसायला समतोल हवा म्हणून बसवलेले नुसते चेहरे आहेत.

याला डॅव्हनपोर्ट म्हणतात. लँकेस्टरच्या गिलो या फर्निचर करणाऱ्या घराण्याच्या वहीत अठराव्या शतकाच्या अखेरीस कुणा कॅप्टन डॅव्हनपोर्टसाठी केलेल्या मेजाची नोंद आहे, तिच्यावरून नाव पडलं असं मानतात. चिठ्ठीवर काय होतं? ‘पोर्तुगीज, १७८०’. म्हणजे कॅप्टनसाहेबांनी ऑर्डर देण्याच्या आधीच मेज तयार, तेही दुसऱ्याच देशात.

मालकाला विचारलं, जरा उलटं करून बघू का? आमचं बोलणं कोंकणीत झालं, इथे मराठीत लिहितोय. तो म्हणाला, “बघा की पात्रांव, बघायला पैसे नाहीत.” याबद्दल त्याला पूर्ण गुण. पुष्कळ दुकानांत हात लावला तरी कपाळाला आठ्या पडतात.

भाच्याने मोबाईलचा टॉर्च धरला. मी उजव्या कुशीतला वरचा खण पूर्ण बाहेर काढला. पुढची फळी आणि बाजूची फळी यांचा सांधा डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दात एकमेकांच्या खाचेत अडकवलेले. दात सारख्या मापाचे नव्हते. एक जाड, दुसरा त्याहून केसभर बारीक, आणि दातांच्या मुळाशी खुणा करायच्या हत्याराने ओढलेली बारीक रेघ अजून तशीच. मशीनला अशी रेघ लागत नाही, ती लागते करवत हातात धरणाऱ्याला. दात इतके सडपातळ की खण रिकामा असताना ते मोडतील असं वाटतं. दीडशे वर्षांत एकही मोडलेला नाही.

मेजाच्या तळाला पाइनची फळी. तिच्यावर करवतीच्या खुणा सरळ नव्हत्या, कमानीसारख्या वळलेल्या होत्या. म्हणजे फळी गोल फिरणाऱ्या करवतीने कापलेली, आणि अशा खुणा साधारण १८३० नंतरच्या कामात भेटतात. मालकाच्या परवानगीने बिजागरीचा एक स्क्रू काढला. टोकदार निघाला. जुने स्क्रू बोथट असत, टोकदार आले १८५० च्या आसपास. मग १७८० गेलं कुठे?

मालक हार मानणारा नव्हता. कुलपाकडे बोट दाखवून म्हणाला, “हे बघा, मुकुट आणि व्ही. आर. व्हिक्टोरिया राणीचं!” आता, एकाच मेजाला पोर्तुगीजही म्हणायचं आणि राणीचंही, ही हिंमत गोव्यातच. तो ठसा कुलूपवाल्यांचा. व्हिक्टोरियाच्या काळात तो लाकडी पेट्यांवर, मेजांवर सर्रास मारलेला असे. राणीने याच्यावर बसून पत्रं लिहिली नाहीत.

माझा अंदाज १८६० ते १८७० मधला, इंग्लंडचं काम. वरचं लाकूड गाठीचं अक्रोड. झाडाच्या फुगवट्याचे पातळ काप काढून, पुस्तकाची पानं उघडावीत तसे दोन काप शेजारी ठेवले की नक्षी आरशातल्यासारखी जुळते. झाकणावर ती फुलपाखरासारखी दिसते. आत साधं पाइन, वर अक्रोडाचा पातळ पदर, म्हणजे व्हिनियर. काही लोक याला फसवणूक समजतात. मला पटत नाही. गाठीचं लाकूड जाड फळी म्हणून टिकतच नाही, वाकतं आणि फुटतं. पातळ करून पक्क्या पाठीवर बसवणं हाच त्याला न्याय.

कुणी केलं ते कळायला मार्ग नाही. गिलोवाले खणाच्या वरच्या कडेवर नावाचा ठसा मारत, इथे ठसा नाही. बहुतेक माल बिननावाचाच. लंडनच्या पूर्व भागात माळ्यावरच्या खोल्यांत राहून काम करणारे कारागीर आठवडाभर एक नग बनवायचे आणि शनिवारी तो खांद्यावर टाकून दुकानोदुकानी फिरायचे. घरी पोरं उपाशी, संध्याकाळ होत आलेली, त्यामुळे मिळेल त्या भावात द्यायचे. असा माल पाडून घेणाऱ्या दुकानांना कारागीर ‘कत्तलखाना’ म्हणत. १८५१ साली हाइड पार्कात काचेचा महाल उभारून जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यातली डोंगराएवढी कोरीव कपाटं सगळ्यांना ठाऊक असतात. माझं मेज बहुधा त्या शनिवारच्या बाजारातलं असावं, असं मला उगाच वाटतं.

किंमत सांगितली ६८ हजार. १७८० वजा केल्यावर ४६ हजारांवर आली, दुरुस्तीसकट. दुरुस्ती तीन ठिकाणी: उजव्या कुशीचं उचकटलेलं व्हिनियर, मागचा हलणारा पाय, आणि दौतीचा लहान खण, जो बाजूला फिरून बाहेर यायला हवा पण अडकला होता. झाकणाला हात लावू नका, हे मी दोनदा सांगितलं.

आम्ही पैशांचं बोलत असताना दिल्लीकडच्या एक बाई आल्या. चार गोल पाठीच्या खुर्च्या त्यांना कॅनडातल्या मुलीकडे पाठवायच्या होत्या. मालकाने सरळ सांगितलं की शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. बाई हिरमुसल्या. मग तो हळूच म्हणाला, “पण या खुर्च्या नेता येतील, गेल्या वर्षीच केल्यात.” चिठ्ठी तशीच लटकत होती.

आता शेडमधल्या मेस्ताविषयी, म्हणजे सुताराविषयी, कारण या दुकानात जावं ते त्याच्यासाठी. साठीचा माणूस, अंत्रुजेतला, म्हणजे आमच्या फोंड्याकडचाच, बोलणं मोजकं. व्हिनियर बसवायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. त्याने पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून सरस तापवला होता. सरस थेट आगीवर ठेवत नाहीत, उकळला की त्याचा जोर जातो. उचकटलेल्या भागाला त्याने दाढीच्या ब्लेडने लाकडाच्या रेषेबरोबर एक चीर दिली, ऊन पाण्याचं फडकं दाबलं, आणि जुना सरस मऊ झाल्यावर पातळ पट्टीने आत नवा सरकवला. मग कागद ठेवून त्यावरून कोमट इस्त्री. शेवटी बोटाच्या नखाने टकटक करत तो सगळ्या कुशीवरून फिरला. पोकळ आवाज आला की थांबायचा. मी पेटीची फळी अशीच वाजवून बघतो, त्यामुळे त्या टकटकीला आम्ही दोघेही एकदम मान डोलवत होतो.

“फेव्हिकॉल का नको?” भाच्याने विचारलं.

“पुढच्या माणसाला उघडायचं असेल तर?” मेस्त म्हणाला. सरस ऊन पाण्याने पुन्हा सुटतो, फेव्हिकॉल लाकूड घेऊनच सुटतो.

एका जागी चिंचोक्याएवढा तुकडा पार गेलेला होता. तिथे त्याने एका मोडक्या कपाटाचं जुनं व्हिनियर कापून बसवलं. बाजारातलं नवीन का नाही? त्याने दोन्ही बोटांत धरून दाखवलं. जुनं मिलिमीटरभर, नवीन त्याच्या निम्मं. “हे व्हिनियर नव्हे, पापड.”

पॉलिश कधी, विचारलं तर म्हणाला, पाऊस संपल्यावर. पावसात चपडीचं पॉलिश मारलं की हवेतली ओल आत अडकते आणि पांढरा ढग येतो. मला दसऱ्याला मेज हवं होतं, पेटी त्यावर ठेवून पुजायची होती. पण बरोबर तोच. इंग्रज ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणायचे ते मुळात आपल्याच पळस-कुसुमावरच्या किड्याची लाख. छोटा नागपूरहून कलकत्त्याला, तिथून लंडनला, आणि मेजावर चढून परत गोव्यात. इतका प्रवास केलेल्याने दसरा उलटेपर्यंत थांबायला हरकत काय?

दिवाळीच्या आधी टेंपो आला. ताडपत्री काढली आणि माझं डोकं गरगरलं. झाकण हॉटेलच्या काउंटरसारखं चकाकत होतं. मेस्त चार दिवस गावी गेला होता, तेवढ्यात दुकानातल्या पोरांनी मालकाच्या सांगण्यावरून स्प्रेने लॅकर मारलेलं. मी कापसाला स्पिरिट लावून कोपऱ्यात दाबलं. चपडी असती तर चिकट झाली असती. ढिम्म. फोन केला तर मालक म्हणाला, “काँप्लिमेंटरी दिलंय, सर. हॉटेलवाले याच्यासाठी वेगळे पैसे देतात.” त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझ्यावर उपकार केलेत, म्हणून ओरडणंही जमेना. अक्रोडाचा मधासारखा रंग त्या काचेखाली मेलेला दिसत होता.

मेज परत गेलं. टेंपोचे पैसे त्यांनी दिले, वर पाच हजार परत केले, तेही न मागता. मेस्ताने फुटक्या काचेच्या धारेने लॅकर खरवडून काढलं, तीन दिवस, कारण पॉलिश पेपर जोरात घासला तर फुलपाखरूच जायचं. मग चपडीचा बोळा, दिवसाला दोन हात. आता झाकण बरं आहे. पण बाकीच्या अंगावर जो जुना रंग आहे, कडांना काळपट आणि मध्ये उजळ, तो झाकणावर नाही. बायको म्हणते कुणाला कळत नाही. मला कळतं.

तर, पाचातले साडेतीन. अर्धा गुण चिठ्ठ्यांसाठी कापला, एक त्या स्प्रेसाठी. मेस्ताला वेगळे द्यायचे असते तर पाचही दिले असते. जायचं तर टॉर्च आणि बारीक तार बरोबर न्या, आणि तुमच्या सूचना लिहून थेट मेस्ताच्या हातात द्या, काउंटरवर नको. पॉलिशचं काम पावसाळ्यात देऊ नका. चामडं लावलेलं मेज असेल तर आपल्या हवेत बुरशीची तयारी ठेवा. माझ्या झाकणावरचं मूळ चामडं केव्हाच जाऊन तिथे कुणीतरी हिरवं रेक्झिन चिकटवलंय. ते मी तसंच ठेवलंय, वह्या सरकत नाहीत.

मुकुटवाल्या कुलपाची किल्ली मात्र नाही. मेस्त करून देणार आहे. गणपतीच्या चवथीनंतर म्हणाला होता, मग नाताळानंतर. परवा फोन केला, तर म्हणाला, शिगमो होऊन जाऊ दे.