जोसेफ ह्यूमच्या शोधात : ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ या संकेतस्थळाचे परीक्षण

ब्रिटिश संसदेतील 1803 ते 2005 या काळातील चर्चा ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मी त्याचा उपयोग जोसेफ ह्यूम (1777–1855) या एकाच सभासदासाठी केला, त्यामुळे हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

ह्यूम स्कॉटलंडमधील माँट्रोझचा. शल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील नोकरीत आला. त्याला फारसी आणि हिंदुस्तानी येत असल्यामुळे 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात, बुंदेलखंडात उतरलेल्या फौजेबरोबर, त्याच्याकडे दुभाष्याचेही काम आले. सुमारे 40,000 पौंड गाठीशी बांधून तो 1808 मध्ये मायदेशी परतला आणि 1812 मध्ये चक्क पैसे मोजून त्याने संसदेतील वेमथची जागा मिळवली. अशा रीतीने सभागृहात शिरलेला हा गृहस्थ पुढे सरकारी खर्चाची पै न् पै तपासणारा म्हणून मंत्र्यांना नकोसा झाला, ही मला त्याच्या चरित्रातील सर्वांत मजेदार गोष्ट वाटते.

या संकेतस्थळाची खरी सोय सभासदाच्या स्वतंत्र पानात आहे. तेथे ह्यूमचे मतदारसंघ दिसतात आणि त्याच्या भाषणांची वर्षवार यादी मिळते. ती यादी इतकी लांब आहे की सुरुवातीपासून वाचायला बसलेला माणूस अंदाजपत्रकांच्या जंजाळातच अडकेल. त्यापेक्षा थेट 1824 उघडावे. कामगारांना संघटना करण्यास मनाई करणारे कायदे त्या वर्षी रद्द झाले आणि त्यासाठी सभागृहात ह्यूमनेच पुढाकार घेतला होता. त्यानंतर जानेवारी 1840 पाहावा. व्हिक्टोरिया राणीचे लग्न तोंडावर आले असताना सरकारने प्रिन्स अल्बर्टसाठी वर्षाला 50,000 पौंडांचा प्रस्ताव आणला, तेव्हा ह्यूमने 21,000 पुरेत अशी दुरुस्ती सुचवली. ती फेटाळली गेली. तरीही अखेर मंजूर झालेला आकडा 30,000 वरच थांबला. राजघराण्याच्या लग्नघरात असा हिशेब मांडण्याचे धाडस त्या पानांवर प्रत्यक्ष वाचण्यासारखे आहे.

मात्र जे वाचतो ते ह्यूमचेच शब्द, असे समजू नये. त्या काळातील हॅन्सार्ड, म्हणजे संसदेतील चर्चांचा छापील वृत्तांत, हे बरेचसे वृत्तपत्रांतील वृत्तांतांवरून जुळवलेले असे, आणि त्यात वक्त्याचे म्हणणे बहुधा तृतीय पुरुषात येते. शब्दशः अधिकृत नोंद 1909 नंतरची. शिवाय जुने खंड यंत्राने वाचून मजकूर तयार केलेला असल्यामुळे शोध घेताना अक्षरदोषांची शक्यता गृहीत धरावी लागते.

मराठी वाचकाने येथे साताऱ्याचा शोध अवश्य घ्यावा. इंग्रजी नावात मात्र दोन ‘टी’ घालाव्यात, कारण तेव्हा ते तसेच लिहिले जाई. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत करण्यात आल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये 1853 पर्यंत ठाण मांडून राहिले, आणि सभागृहात हा प्रश्न लावून धरणाऱ्यांमध्ये ह्यूम होता. मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत कंपनीच्या फौजेबरोबर राहिलेल्या माणसाने उतारवयात सातारच्या गादीसाठी बोलावे, हे वाचताना माझ्यापुरते तरी या संकेतस्थळावर घालवलेल्या वेळेचे चीज झाले. (ज्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमच्या पुढाकाराने 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तो याच जोसेफचा मुलगा.)

साताऱ्यावरची खडाजंगी लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्येही झाली. ती संसदेबाहेरची असल्यामुळे येथे सापडणार नाही. ह्यूमच्या शल्यचिकित्सक म्हणून घालवलेल्या वर्षांसाठीही चरित्रकोशच गाठावा लागेल.