ठाणे ते सातारा, ड्रायव्हरसकट अर्टिगा, तीन दिवस : गाडी आणि दादा पाच स्टार, बिल करणाऱ्यांना दोन

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन वाईला मावशीकडे आणि सातारला आत्याकडे जाऊन आलो, सोबत नवरा आणि लेक. नवऱ्याची कंबर धरलेली म्हणून आमची गाडी नेली नाही, पाचपाखाडीत घराजवळच एक ट्रॅव्हल्सवाले आहेत त्यांच्याकडून अर्टिगा घेतली. नाव लिहीत नाही कारण ज्याचा त्रास झाला तो बहुतेक सगळीकडेच होतो, आणि ज्याचं कौतुक करायचंय ते त्या ड्रायव्हर दादांचं आहे.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला गाडी बिल्डिंगखाली हजर. दादांनी मुंब्रा बायपासचं नावच काढलं नाही, ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोडने कळंबोलीला काढली आणि उजाडायच्या आत एक्स्प्रेस वेला लागलो. घाटात धुकं होतं पण एकदाही पोटात गोळा आला नाही. आईला गाडी लागते, हे त्यांना एकदाच सांगितलं होतं, तीन दिवस वळणावर ब्रेक इतका हळू की तिची गोळी पर्समध्येच राहिली.

वाईला मावशीकडे जेवण, बाजरीची भाकरी, पावट्याची उसळ, लोण्याचा गोळा. मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथल्या देवळात एक मोठी घंटा टांगलीय, त्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 साल कोरलंय. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई जिंकली तेव्हा आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. त्या मोहिमेची सुरुवात आपल्या ठाण्यातनं झाली, 1737 ला मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तोच आज सेंट्रल जेल आहे, लेक रोज स्कूल बसमधून ज्याची भिंत बघते ती. हे सांगितल्यावर ती परत मागे जाऊन घंटा हात लावून बघून आली. कृष्णेचं पाणी शांत, ऊन कोवळं, आई घाटाच्या पायरीवर तासभर बसून राहिली आणि दादांनी एकदाही हॉर्न मारला नाही की "मॅडम लेट होतंय" म्हटलं नाही.

शनिवारी सातारला शिवाजी महाराज संग्रहालय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून 2024 च्या जुलैत आलेली वाघनखं आधी इथेच ठेवली होती, आम्ही गेलो तोवर पुढच्या गावाला गेली होती, त्यामुळे लेक थोडी हिरमुसली. संध्याकाळी मोती चौकात कंदी पेढे घेतले, रात्र आत्याकडे.

ट्रिप खरी होती ती रविवारच्या औंधसाठी. बाबा ठाण्यात पस्तीस वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते, मुलांना रविवर्मा शिकवला तो छापील कॅलेंडरं दाखवून. औंधच्या भवानी संग्रहालयात ओरिजिनल आहेत आणि ते सातारपासून तास-सव्वा तासावर, तरी जाणं राहूनच गेलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेच, त्यांनी 1938 ला यमाईच्या डोंगरावर हे म्युझियम उभं केलं. बाबा रविवर्म्याच्या चित्रासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत, जरीच्या काठावरचा उजेड कसा दिलाय ते बोटाने हवेतच काढत होते. जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे दगडी शिल्पही इथे आहे, खटाव तालुक्यातल्या डोंगरावर, मला तर खरंच वाटेना. बाबांचे गुडघे दुखतात, तर दादा गाडी लावून स्वतःहून आले आणि "काका, हात द्या" म्हणून पायऱ्या चढवून नेलं, मग आमच्याबरोबर आतही फिरले. दोन तास मोडले तिथे.

औंधहून सातारला परतताना रहिमतपूरच्या रस्त्याला सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन दोन, मागे लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही. अंधारात तो रस्ता नको म्हणून दादा दुपारीच निघूया म्हणाले आणि ते ऐकलं ते बरं केलं. सातारला आत्याने मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही, निघायला सात वाजले, त्यात रविवार रात्रीचा घाट, घरी पोचलो 12:20 ला.

आणि इथे बिलाची भानगड. रेट किलोमीटरला 14 रुपये, दिवसाला कमीत कमी 300 किमी, म्हणजे मीटरवर साडेसहाशेच्या आसपास पडले तरी तीन दिवसांचे 900 चे पैसे. हे आधी सांगितलं होतं, तक्रार नाही. पण वीस मिनिटं बारानंतर झाली म्हणून चौथा दिवस लावला, वरचे 300 किमी म्हणजे 4200 आणि 400 ड्रायव्हर भत्ता! दिवस रात्री बारा ते बारा मोजतात हे बुकिंगला कोणी बोललं नव्हतं. दोन दिवस फोनाफोनी केली, शेवटी 4200 सोडले, भत्ता ठेवला, तो मी आनंदाने दिला कारण तो दादांचा होता. चारही दिवसांचा भत्ता धरून एकूण 14,200, टोल-पार्किंग वेगळं. तुम्ही बुक करणार असाल तर दिवस कसा मोजता, किलोमीटर गॅरेजपासून की घरापासून, भत्ता किती, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं कोणी धरत नाही.

फेब्रुवारीत मामाकडे जुन्नरला जायचंय, शिवनेरीपण करायचाय. त्याच ऑफिसला सांगितलंय, दादा तेच असतील तरच गाडी घेणार. बाबांनी नवीन स्केचबुक आणून ठेवलंय.