लंडनचं एक वर्ष की बर्लिनची दोन? मुंबईतून मास्टर्सला निघणाऱ्यांसाठी

मास्टर्ससाठी परदेशी जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो आणि बहुतेक वेळा निर्णयही तिथेच होऊन जातो. बर्लिनला फी नाही, मग बर्लिन. किंवा लंडनला एका वर्षात उरकतं, मग लंडन. मी लंडनला शिकले, माझा धाकटा भाऊ बर्लिनला. दोघांचे अर्ज मुलुंडच्या घरातूनच गेले, दोघांच्या कर्जावर सही बाबांचीच. सुट्टीत एकमेकांकडे राहिल्यामुळे दोन्ही शहरं आम्हाला पाहुण्यासारखी नाही, तर भाडं भरणाऱ्याच्या नजरेनं बघता आली. त्यातून माझं ठाम मत झालंय की या दोन शहरांतला खरा फरक वेळेचा आहे. लंडनमध्ये पैसे भरपूर लागतात आणि वेळ फार थोडा मिळतो. बर्लिनमध्ये वेळ मिळतो, पण जर्मन येत नसेल तर तो वायाच जातो.

आधी पैसे

लंडनच्या बऱ्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना मास्टर्सची फी साधारण वीस ते पस्तीस हजार पाउंड पडते, बिझनेस आणि फायनान्सला त्याहून जास्त. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे महिना १,५२९ पाउंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १३,७६१ पाउंड, सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा नोव्हेंबर २०२५ पासूनचा आहे. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. पण व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळत असल्यामुळे एका वर्षाच्या कोर्सलाही तो सहसा दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पाउंड भरावा लागतो, आणि तोही अर्जाबरोबरच. घरच्या हिशेबात हा खर्च हमखास राहून जातो. क्षयरोगाची तपासणी वेगळी, ती मान्यताप्राप्त केंद्रातूनच करून घ्यायची. सगळं धरून आजच्या दरानं पंचेचाळीस-पन्नास लाखांच्या खाली लंडन क्वचितच बसतं.

बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं आहे. दर सेमिस्टरला तीनशे युरोंच्या थोडं वर वर्गणी भरायची, आणि तिच्यातच अख्ख्या जर्मनीतल्या लोकल गाड्या, बस आणि ट्रामचा पास येतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. हे ९९२ बर्लिनमध्ये अपुरे पडतात. आरोग्य विम्याचे एकशेचाळीस-दीडशे गेले, खोलीचं भाडं गेलं की हातात फार काही उरत नाही. महिना अकराशे-बाराशे धरा. दोन वर्षांचा खर्च तीस लाखांच्या आसपास जाईल. ‘फुकट शिक्षण’ म्हणून कोणी सांगत असेल तर त्याला हा आकडा दाखवा.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. फी नाही ती सरकारी विद्यापीठांत. बर्लिनमध्ये खासगी संस्थाही बऱ्याच आहेत. त्यांची फी वर्षाला काही हजार युरो असते, आणि काही एजंट त्यांच्याच जागा मोठ्या आग्रहानं पुढे करतात, कारण कमिशन तिथे मिळतं. सगळ्या जर्मनीतही नियम एक नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी सुरू केली आहे.

कर्जाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घराकडे तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट असते, राहता फ्लॅट. लंडनच्या रकमेला सरकारी बँका सहसा तारण मागतातच. आई-वडील निवृत्तीच्या जवळ असतील आणि फ्लॅट एकच असेल, तर लंडन निवडायला विषयाचं तसंच मोठं कारण हवं. केवळ शहराच्या नावासाठी ते घर गहाण पडू नये. शिष्यवृत्त्या मात्र आधी शोधा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मुंबईतली जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपानं शिष्यवृत्ती देते, जर्मनीसाठी डाड (DAAD, जर्मन सरकारच्या पैशातून शिष्यवृत्त्या देणारी संस्था) आहे, आणि दोन वर्षं नोकरी केलेल्यांना ब्रिटनची चेव्हनिंग.

पैसे आणि वेळ यांचा हा पेच आपल्याकडे जुनाच आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे जमवून, शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. आज एका वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं: पैसा कुठवर पुरणार आहे, हे निघण्याआधीच ठाऊक असायला हवं.

वेळ

लंडनचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. बँक खातं, डॉक्टरकडची नोंदणी, खोली लावणं यात पहिले आठवडे जातात, आणि ऑक्टोबर उजाडला की मोठ्या कंपन्यांच्या भरतीचे अर्ज उघडलेले असतात. त्यांतले कित्येक डिसेंबर संपण्याआधीच बंद होतात. म्हणजे ज्या शहरात नीट रस्तेही कळलेले नाहीत, तिथे पहिल्या महिन्यापासून नोकरी शोधायची, सोबत वाचनाचा डोंगर, आणि उन्हाळ्यात प्रबंध. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मी ते केलं, पण त्या पगारावर कर्ज फिटेल असा हिशेब कोणी मांडू नये. त्यातून फार तर किराणा आणि प्रवास निघतो.

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर आत्ता दोन वर्षं राहून काम करता येतं. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे (डॉक्टरेटवाल्यांची तीन वर्षं कायम आहेत). म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये जाणारे या नव्या नियमातच येतील. त्यानंतर टिकायचं तर कंपनीनं कामाच्या व्हिसासाठी प्रायोजकत्व द्यायला हवं. जुलै २०२५ पासून त्यासाठी सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पाउंडांची आहे, नवख्यांना ३३,४०० ची सवलत. फायनान्स, कायदा, डेटा या क्षेत्रांत असे पगार मिळतात. माध्यमं, संग्रहालयं, सामाजिक संस्था यांत ते मिळणं फार अवघड. माझ्या वर्गातल्या हुशार मुली याच आकड्यावर अडल्या आणि परत आल्या.

बर्लिनला चार सेमिस्टर असतात, आणि बरेच जण पाचवं-सहावंही घेतात. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तिथली ‘वेर्कश्टुडेंट’ ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते: आपल्याच क्षेत्रातल्या कंपनीत सेमिस्टरभर आठवड्याला वीस तास पगारी काम. भावाला पहिलं वर्ष नुसतं सावरायला मिळालं, दुसऱ्या वर्षी असं काम मिळालं, आणि पदवी हाती येण्याआधीच त्याच कंपनीनं त्याला ठेवून घेतलं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जर्मन विद्यापीठाची पदवी असेल तर कुशल कामाची दोन वर्षं झाल्यावर, बाकीच्या अटी पुऱ्या असतील, तर कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो. ब्रिटनमध्ये यासाठी आजवर पाच वर्षं लागत आली आहेत, आणि तिथल्या सरकारनं ती मुदत दहापर्यंत नेण्याचं ठरवलंय.

पण जर्मन

इतकं वाचून बर्लिनच बरं असं वाटलं असेल तर जरा थांबा. इंग्रजीतून मास्टर्स मिळतं आणि वर्गात इंग्रजी चालते. वर्गाबाहेर पडलं की पालिकेचं पत्र जर्मनमध्ये, घरमालकाचा करार जर्मनमध्ये, दवाखान्यात फोन उचलणारी बाई जर्मनमध्ये बोलणार. सॉफ्टवेअरमधली काही कामं इंग्रजीवर निघतात, बाकीच्या क्षेत्रांत बी-१ किंवा बी-२ (जर्मनच्या मधल्या पातळ्या; त्याआधी ए-१, ए-२) शिवाय दार उघडत नाही. ‘तिकडे गेल्यावर शिकू’ हे मी भावाच्या मित्रांकडून खूप ऐकलं. अभ्यास, काम आणि खोलीची शोधाशोध यात ते शिकणं मागे पडतं, आणि दोन वर्षांनी पदवी असते पण मुलाखतीत तोंड उघडत नाही. मिळालेला सगळा वेळ तसाच निघून जातो.

भावानं कॉलेजच्या शेवटच्या वर्षात काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-१, ए-२ केलं. मुलुंडहून लोकलनं सीएसएमटी, तिथून चालत, शब्दांची वही गाडीतच पाठ करायची. बी-१ त्यानं तिकडे पहिल्या सुट्टीत पुरं केलं. माझं म्हणणं असं की निघण्याआधी ए-२ झालं नसेल तर बर्लिनला एक वर्ष उशिरा जावं. इरावती कर्वे १९२८ मध्ये मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला बर्लिनला गेल्या, आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो जर्मनमध्ये. इंग्रजी अभ्यासक्रमांमुळे आज ते सक्तीचं राहिलेलं नाही, पण त्या समाजात राहायचं तर वाट तीच आहे.

विषय आणि परीक्षा

मुंबई विद्यापीठातून बीएमएस, बीएएफ किंवा बीएएमएमसी केलेल्यांनी हे नीट वाचावं. लंडनला विषय बदलून मास्टर्स करता येतं. तीन वर्षांची पदवी चालते, आणि एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, कारण पटलं तर प्रवेश मिळतो. जर्मन विद्यापीठं पदवीतले विषय आणि क्रेडिट मोजतात. अर्थशास्त्राचे इतके, गणिताचे इतके नसतील तर गुण कितीही चांगले असले तरी अर्ज बाद. इंजिनिअर आणि शुद्ध विज्ञानवाल्यांना बर्लिन सोपं, विषय बदलणाऱ्यांना लंडन.

परीक्षेचंही तसंच. लंडनला ७० म्हणजे डिस्टिंक्शन, ६० म्हणजे मेरिट. आपल्याकडे नव्वदची सवय झालेल्या मुलांना ६५ बघून धक्का बसतो, तो लवकर ओसरतो. बर्लिनमध्ये बहुतेक ठिकाणी एका पेपरचे ठरावीक प्रयत्न असतात, सहसा तीन. ते संपले की अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो, आणि तोच विषय जर्मनीत दुसरीकडे घेणंही अवघड होतं. एटीकेटीच्या भरवशावर कोणी जाऊ नये.

डोक्यावरचं छप्पर

दोन्हीकडे घर मिळणं कठीण, पण त्रास वेगळा. लंडनला वसतिगृहाचं भाडं आठवड्यावर सांगतात, आणि ते अनेकदा दोनशे-तीनशे पाउंडांच्या घरात असतं. बाहेर खोली घ्यायची तर ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतात, जो आपल्याकडे बहुधा नसतो. म्हणून पहिल्या वर्षी महाग वाटलं तरी विद्यापीठाच्याच वसतिगृहाचा अर्ज लवकर करा. एक चांगलं आहे: अनामत रक्कम सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते.

बर्लिनला पैसे असूनही खोली मिळत नाही. विद्यार्थी वसतिगृहांची यादी लांबलचक, आणि वाटून राहायच्या घरात शिरायला आधीचे भाडेकरू तुमची मुलाखत घेतात. पत्ता मिळाल्यावर १४ दिवसांत पालिकेत नोंद करायची असते. ती नोंद झाली नाही तर करक्रमांकापासून वास्तव्य परवान्यापर्यंत सगळंच खोळंबतं. म्हणून खोली घेताना पहिला प्रश्न ‘इथे नोंदणी करता येईल का?’ हाच विचारा. आणि ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअर करतो’ असं सांगणारा माणूस फसवणारा असतो. दोन्ही शहरांत.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नका. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. बर्लिनमध्ये तुर्की दुकानांत डाळी, भेंडी, कोथिंबिरीची जुडी मिळते, गोडा मसाला तेवढा घरून न्या. बर्लिनला रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरून ठेवायचं. हिवाळा दोन्हीकडे सारखाच, डिसेंबरात चारच्या आतच अंधार. मराठी माणसं हवी असतील तर लंडनला डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तिथल्या गणपतीत मला घरच्यासारखं वाटलं होतं. बर्लिनचा पहिला हिवाळा भावाला फार एकटा गेला. आई रोज रात्री फोन करायची. त्यानं तेव्हा सांगितलं नाही, पण त्या फोनवरच त्यानं ते महिने काढले. घरच्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग कोणी कुठे जावं

फायनान्स, कायदा, सार्वजनिक धोरण, माध्यमं हे विषय असतील, परत येऊन बीकेसी किंवा लोअर परळला काम करायचं असेल, आणि कर्ज घर न अडकवता पेलत असेल, तर लंडन. तिथल्या विद्यापीठांची नावं मुंबईत कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. इंजिनिअरिंग, संगणक, विज्ञान हे विषय असतील, युरोपात काही वर्षं राहायचं असेल आणि जर्मन शिकायची मनापासून तयारी असेल, तर बर्लिन. परत आलात तरी चाकणच्या जर्मन कारखान्यांमुळे ती भाषा पुण्याच्या पट्ट्यात उपयोगी पडते.

अजून ठरत नसेल तर शेवटचं वर्ष सुरू होतानाच जर्मनचा वर्ग लावा आणि कलिनाहून ट्रान्सक्रिप्ट काढायला घ्या, ते दोन्हीकडे लागतात. जर्मनीसाठी भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं) सक्तीचं आहे, त्याची फी १८,००० रुपये, आणि ते यायला आठवडे लागतात. हिवाळी सेमिस्टरच्या कित्येक अर्जांची मुदत १५ जुलैला संपते, काहींची त्याआधीच. लंडनचे अर्ज आदल्या वर्षीच्या शरदातच उघडतात, आणि चांगल्या कोर्सच्या जागा आधी अर्ज करणाऱ्यांना मिळत जातात. दिवाळीपर्यंत ए-१ जमतंय की नाही हे तुम्हाला कळलेलं असेल, आणि तोवर लंडनचे अर्ज भरायलाही वेळ हातात असेल.