प्रोजेक्टला कुठला प्रोसेसर घ्यावा: स्टॅक मशीन की रिस्क-फाइव्ह?

नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे विषय ठरायला लागले की एफपीजीएवर (हवं ते सर्किट आत भरता येणाऱ्या चिपवर) स्वतःचा प्रोसेसर करू पाहणारी मुलं हमखास भेटतात. थेट उच्चस्तरीय भाषेसाठी घडवलेलं स्टॅक मशीन (किमती एकावर एक रचून वरच्यांवरच हिशोब करणारा प्रोसेसर) करावं, की रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा साधा कोर घेऊन त्याला भाषेपुरती मदत जोडावी, असा त्यांचा पेच असतो.

स्टॅक मशीनचं घराणं मोठं आहे. 1961 ची बरोज कंपनीची बी५००० ही संगणक प्रणाली अल्गोल ही प्रोग्रामिंग भाषा डोळ्यासमोर ठेवून आखली होती. 'अ + ब × क' करायचं तर तीन किमती स्टॅकवर चढवायच्या, गुणायचं, मिळवायचं. रजिस्टरचे (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागांचे) क्रमांक द्यावे लागत नाहीत, म्हणून सूचना 12 बिटांत मावते आणि 48 बिटांच्या शब्दात अशा चार बसतात. अ‍ॅरेची लांबी हार्डवेअरला ठाऊक असते, त्यामुळे हद्दीबाहेरचा इंडेक्स तिथल्या तिथे अडतो. सी लिहिणाऱ्याला हे सुख आजही सहजासहजी मिळत नाही. शिवाय रजिस्टर वाटपाची कटकट नसल्याने कंपायलर (प्रोग्रामचं प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करणारा) लिहिणं सोपं जातं.

वेगात मात्र ते मार खातं. लूपमधली तीच किंमत दर फेरीला पुन्हा स्टॅकवर आणावी लागते. आणि भाषेचं फार काही चिपमध्ये कोंबलं की काय होतं, ते इंटेलच्या 432 ने दाखवलं. 1981 मध्ये अडा भाषेसाठी आलेली ही चिप फार संथ निघाली. दोष काही अंशी कंपायलरचाही होता.

रिस्क-फाइव्हमध्ये स्वतःच्या सूचनांसाठी ऑपकोड (सूचनांचे संकेतांक) राखून ठेवलेले आहेत, जीसीसी हा कंपायलर आयता मिळतो. तिथे मी सिम्बॉलिक्स 3600 या लिस्प मशीनची (लिस्प भाषेसाठी बनवलेल्या संगणकाची) युक्ती उचलेन: बेरीज चालू असतानाच दोन्ही किमतींचे टॅग (किंमत कुठल्या प्रकारची ते सांगणारे बिट) तपासायचे, पूर्णांक नसतील तर ट्रॅप, म्हणजे काम थांबवून सॉफ्टवेअरकडे सोपवायचं. पायथनसारख्या भाषेला ही तपासणी पदोपदी लागते. प्रोसेसर आखणाऱ्या आर्म कंपनीनेही जावास्क्रिप्टच्या संख्या पूर्णांकात बदलायला नेमकी एक सूचना दिली आहे. पूर्ण भाषा उचलायच्या फंदात ते पडले नाहीत.

हातात एकच वर्ष असेल तर रिस्क-फाइव्हच घ्या. कंपायलर मुळापासून समजून घ्यायचा असेल, वेगाची फिकीर नसेल, तरच स्टॅक मशीन. रिस्क-फाइव्ह घेतलात तर एकच प्रोग्राम नव्या सूचनेसह आणि तिच्याशिवाय चालवून सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) मोजा. व्हायवाला तोच तक्ता पुढे ठेवा.