फॅट्स वॉलरसाठी घेतलेला साउंडीजचा संच: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फॅट्स वॉलर या एकाच अमेरिकी जाझ पियानोवादकासाठी मी साउंडीजचा अमेरिकी ब्लू-रे संच मागवला, त्याला आता आठ महिने झाले. साउंडी म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचा संगीतपट. १९४० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील मद्यालयांत आणि उपाहारगृहांत पॅनोरम नावाची कपाटाएवढी यंत्रे असत. त्यांत १० सेंटचे नाणे टाकले की काचेच्या पडद्यावर असा एक संगीतपट दिसे. एका रिळावर आठ संगीतपट असत आणि ते ओळीनेच येत, त्यामुळे हवे ते गाणे निवडण्याची सोय नव्हती.

यंत्रात प्रतिमा आरशांवरून फिरून पडद्यामागून पडत असे, म्हणून मूळ प्रती मुद्दाम उलट्या छापल्या जात. तशी प्रत सरळ पाहिली, तर पियानोवादकाचा डावा हात उजवा होतो. पूर्वी माझ्या पाहण्यात अशाच उलट्या प्रती आल्या होत्या आणि वॉलरच्या बाबतीत ही चूक मला फार खटकत असे, कारण त्याचे सारे वैभव डाव्या हातात आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढलेल्या स्ट्राइड या पियानोशैलीत डावा हात खालचा एक स्वर वाजवून क्षणात वरच्या स्वरसमूहावर उडी घेतो आणि ती येरझार अखंड चालू ठेवतो. वॉलर ही विद्या याच शैलीतले पियानोवादक जेम्स पी. जॉन्सन यांच्याकडे शिकला. या संचात प्रतिमा सुलट आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याची किंमत तेवढ्यानेच वसूल झाली.

वॉलरने १९४१ मध्ये असे चार संगीतपट केले. पहिले काही आठवडे मी फक्त त्याचा चेहराच पाहत होतो. तिरकी टोपी, गरगर फिरणारे डोळे, एकच भुवई वर चढवण्याची लकब, आणि स्वतःच गात असलेल्या ओळीवर मध्येच टाकलेला शेरा यांपुढे दुसरे काही दिसतच नाही. ‘युअर फीट्स टू बिग’मध्ये प्रेयसीच्या मोठ्या पावलांची तक्रार तो इतक्या गांभीर्याने मांडतो की पियानोकडे लक्ष जायला मला बरेच दिवस लागले. साउंडीजमध्ये ध्वनिमुद्रण आधी होई आणि चित्रीकरणाच्या वेळी कलावंत त्या आवाजाबरहुकूम अभिनय करत. त्यामुळे काही ठिकाणी बोटे आणि स्वर किंचित पुढेमागे होतात, हे वारंवार पाहिल्यावर कळते. भुवई मात्र एकदाही ताल चुकत नाही. तिचा चाळा हा वादनाचाच भाग आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. वॉलरला निव्वळ विदूषक म्हणणाऱ्यांनी ती भुवई आणि तालाची सम एकदा एकत्र पाहावी.

संचात उणिवाही आहेत. मांडणी विषयवार असल्याने वॉलरचे संगीतपट वेगवेगळ्या डिस्कवर विखुरले आहेत. काही प्रतींवर ओरखडे आहेत, पण त्यांचा मला त्रास झाला नाही. मोठी अडचण प्लेअरची आली. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; या डिस्क ‘ए’ विभागासाठी आहेत आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे घरातल्या प्लेअरने त्या स्वीकारल्या नाहीत आणि सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर वेगळा घ्यावा लागला. मागवण्यापूर्वी हे अवश्य तपासावे.

वॉलर डिसेंबर १९४३ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, रेल्वेप्रवासात वारला. त्याचे वादन अभ्यासणाऱ्यांनी या चारांतल्या ‘एंट मिसबिहेविन’पासून सुरुवात करावी आणि एकदा तरी चित्र झाकून, हेडफोन लावून, फक्त डावा हात ऐकावा.