१९४७ ची विलिस जीप स्टेशन वॅगन: रंगकाम अव्वल, मागच्या आसनांत तडजोड

अमेरिकेतील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँडच्या कारखान्यातून १९४७ साली बाहेर पडलेली आणि ओहायोतल्याच एका कार्यशाळेने अलीकडे नव्याने उभी केलेली जीप स्टेशन वॅगन मला बारकाईने पाहायला आणि चालवायलाही मिळाली. मूळ गाडी काय होती हे ओळखून हात घालणे, ही अशा कामाची खरी कसोटी असते. एक ठळक अपवाद सोडला, तर ही गाडी त्या कसोटीला उतरते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जीपमुळे विलिसचे नाव सर्वतोमुखी झाले होते. मात्र कंपनीकडे पैसा बेताचा होता आणि मोटारीची बॉडी स्वतः बनवण्याची सोयही नव्हती. म्हणून औद्योगिक रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यांतही तयार होऊ शकेल अशी बॉडी आखली. तिथल्या प्रेसवर पत्रा सहा इंचांहून खोल ओढता येत नसे आणि या वॅगनचा सरळ, चौकोनी बांधा त्या मर्यादेतूनच घडला आहे. इतर कंपन्यांच्या वॅगनना त्या काळी खऱ्या लाकडाची बॉडी असे, जिला नियमित वॉर्निश करावे लागे आणि जिचे सांधे कालांतराने खिळखिळे होत. १९४६ मध्ये आलेली विलिसची वॅगन मात्र संपूर्ण पोलादी होती. तिच्यावर दिसणारे लाकूड म्हणजे केवळ रंग.

कार्यशाळेने सर्वाधिक मेहनत या रंगावरच घेतली आहे, आणि ती सार्थकी लागली आहे. दारांवरील चौकटी पत्र्यातच उठवलेल्या आहेत; त्यांच्या कडेने नख फिरवले तरी मरून आणि क्रीम रंगांच्या सीमेवर कुठेही उंचवटा लागत नाही, आणि मागच्या चाकावरील कमानीपाशी, जिथे रेष वळते, तिथेही ती डगमगलेली नाही. हौसेपोटी खऱ्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवण्याचा मोह टाळला, याबद्दल या कारागिरांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

इंजिन युद्धातील जीपचेच, २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, ६३ अश्वशक्तीचे आहे. वेगाची हौस ते भागवणार नाही, पण खालच्या गिअरमध्ये ते ज्या दमाने ओढते, तो दम महाराष्ट्रातील अनेकांच्या ओळखीचा असेल, कारण मुंबईत महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास जुळणी सुरू केली ती विलिसच्याच जीपची. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर, लावला की सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला गाडी निवांत चालते. विलिसचे अभियंते बार्नी रूस यांनी योजलेले पुढचे सस्पेन्शन, ज्यात दोन्ही चाकांना मिळून आडव्या पाट्यांची एकच स्प्रिंग आहे, खड्ड्यांत अपेक्षेपेक्षा मऊ वाटले. ड्रम ब्रेक मात्र वेळेआधीच दाबावे लागतात, आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढून घेण्याच्या जोरावर) चालणारे वायपर चढावर मंदावतात. हे दोष मूळ गाडीचेच आहेत आणि ते तसेच राखले हे योग्यच झाले.

न पटलेली गोष्ट मागच्या आसनांची आहे. ही गाडी आठवडाभर सामान वाहण्यासाठी आणि रविवारी सात माणसे नेण्यासाठी होती, म्हणूनच तिची मागची आसने काढता येत असत. कार्यशाळेने ती भारी चामड्याने मढवून कायमची जखडली आहेत आणि खाली गालिचा अंथरला आहे. मागचे दोन भागांचे दार उघडले की आता मालाचा हौदा दिसायच्या जागी दिवाणखाना दिसतो.

घेणाऱ्याने आसने पुन्हा सुटी करून घ्यावीत. ते काम अवघड नाही. इंजिनाचे बरेच भाग जीपशी समान असल्याने ते आजही मिळतात, पण बॉडीचे पत्रे त्या मानाने दुर्मीळ आहेत. त्यामुळे अशी कोणतीही वॅगन पाहताना आधी गालिचा उचलून तळाचा पत्रा तपासावा, आणि इंजिन त्यानंतर सुरू करून पाहावे.